नागपुरात राहून आंतरराष्ट्रीय बांधकाम करार अन् क्लेमच्या लाइनमध्ये कसं यायचं

एक्केचाळिसाव्या दिवशी पत्र टाकलं होतं मी. गल्फमधली साइट, रस्त्याचं काम, खोदताना खाली जुनी केबल निघाली जी ड्रॉइंगवर कुठंच नव्हती, दोन गँग अन् एक पोकलेन नुसते उभे, आणि मी रोज क्लायंटच्या इंजिनिअरला फोनवर सांगून राहिलो की साहेब काम बंद आहे, तेही हो हो बघतो म्हणायचे, चहासुद्धा सोबत प्यायचो आम्ही. एक दिवस आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं विचारलं नोटीस गेली का, मी म्हटलं रोज तर सांगतो न त्यांना. त्यानं काही न बोलता करार उघडून माझ्यासमोर ठेवला. फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या करार-नमुन्याचं लाल पुस्तक, 1999 ची आवृत्ती, क्लॉज 20.1, घटना कळल्यापासून किंवा कळायला पाहिजे होती तेव्हापासून 28 दिवसांच्या आत नोटीस द्यायची, नाही दिली तर मुदतवाढ नाही अन् पैसाही नाही. त्याच दिवशी घाईघाईत पत्र पाठवलं, पण 13 दिवस उशीर झाला होता. क्लेम, म्हणजे वाढीव वेळ अन् पैशाची मागणी, तिथंच बसला.

तोवर मला वाटायचं करार म्हणजे टेंडरच्या वेळी पानोपानी सही-शिक्का मारून कपाटात टाकायचा गठ्ठा. त्यानंतर मी तो गठ्ठा वाचायला लागलो, अन् वाचता वाचता त्याचंच काम झालं. आता नागपुरात बसून दुसऱ्यांच्या साइटचे क्लेम लिहितो, कधी दुसऱ्या बाजूनं आलेले क्लेम खोडतो. महिन्यातून एकदा तरी कोणी पोरगा तर्री पोह्याच्या गाडीवर पकडतेच, दादा तुमच्या लाइनमध्ये कसं यायचं सांगा न. प्रत्येकाला तेच ते सांगून राहिलो म्हणून एकदाचं लिहून काढतो, लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी हे काम काय असते ते

मानेवाड्यात तुमच्या काकांनी घर बांधायला दिलं, मध्येच म्हटलं जिना इकडून नको तिकडून घे, ठेकेदार म्हणते एक्स्ट्रा लागेल, काका म्हणतात तेवढ्यातच कर, मग पावसाळा लागला, स्लॅब लांबला, आता दोष कोणाचा. हेच भांडण धरणाच्या किंवा विमानतळाच्या कामावर झालं की त्यात एका देशाचं सरकार असते, दुसऱ्या देशाचा कंत्राटदार, तिसऱ्या देशाचा सल्लागार, चौथीकडून कर्ज आलेलं, अन् ऐकायला पाचव्या देशात बसलेले तीन लवाद. फार लांब जायला नको, आपल्या नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातच जर्मनीच्या केएफडब्ल्यू अन् फ्रान्सच्या एएफडीचं कर्ज आहे.

या भांडणाभोवती बरीच माणसं लागतात. साइटवर कॉन्ट्रॅक्ट इंजिनिअर असतो, तो नोटिसा अन् पत्रं सांभाळतो. क्यूएस, म्हणजे क्वांटिटी सर्व्हेयर असतो, तो पैशाचा हिशोब लावतो. प्लॅनर असतो, उशीर कोणामुळे झाला ते प्रोग्रामवरून, म्हणजे कामाच्या वेळापत्रकावरून दाखवतो. मग बाहेरचे क्लेम कन्सल्टंट, वकील, लवादासमोर साक्ष देणारे एक्स्पर्ट, अन् अगदी वर डिस्प्यूट बोर्डाचे (लवादाच्या आधी वाद ऐकणारी समिती) मेंबर आणि लवाद. वरच्या खुर्च्यांवर सगळे वकीलच असतात असं समजू नका, इंजिनिअर भरपूर आहेत, कारण पाइल का फसला हे तीन लवादांपैकी निदान एकाला तरी कळायला पाहिजे न. पण तिथं पोचायला पंधरा-वीस वर्षं जातात, त्यामुळे पास होताच मला लवाद व्हायचं आहे म्हणणाऱ्या पोराला मी पहिले साइटवर दोन पावसाळे काढून ये म्हणतो.

तुमच्याजवळ आधीच काय आहे

नागपुरातल्या पोरांना एक न्यूनगंड असते की हे सगळं मुंबई-दिल्लीवाल्यांचं, इंग्रजी शाळेतल्यांचं. काहून बापा? पीडब्ल्यूडीच्या बी-1 टेंडरवर दोन वर्षं काम केलं असेल तर अर्धी बाराखडी तुम्हाला येते. मोजमाप पुस्तक म्हणजे मेजरमेंट, ईआयआरएल करून एक्स्ट्रा आयटमचा रेट मंजूर करून घेणं म्हणजे व्हेरिएशनचं व्हॅल्युएशन, मुदतवाढीचा प्रस्ताव म्हणजे ईओटी, अन् उशिराचा दंड म्हणजे लिक्विडेटेड डॅमेजेस, ज्याला सगळे एलडी म्हणतात. फरक एकच पण मोठा. आपल्याकडं मुदतवाढीचा कागद बहुतेक वेळा काम संपत आलं की एकदाच फिरतो अन् त्यात पाऊस, वाळूची टंचाई, निवडणूक आचारसंहिता सगळं एकत्र कोंबलेलं असते. बाहेरच्या करारात प्रत्येक घटनेचं घड्याळ वेगळं चालू होते, अन् ते त्याच दिवशी चालू होते. ही एक सवय बदलली की पुढचं सगळं शिकण्यासारखं आहे.

तसं पाहिलं तर देशाचा रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा नागपूर प्लान म्हणूनच ओळखला जातो, 1943 मध्ये चीफ इंजिनिअर लोकांची परिषद इथंच भरली होती. म्हणजे कागदावर काम मांडायची परंपरा गावात जुनी आहे, एवढंच म्हणतो.

फिडिक कुठून वाचायचं

फिडिक म्हणजे सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, 1913 पासूनची, कचेरी जिनिव्हात. त्यांचे करारांचे नमुने रंगांवरून ओळखतात. लाल पुस्तकात डिझाइन मालकाचं अन् बांधकाम कंत्राटदाराचं, पिवळ्यात डिझाइनही कंत्राटदाराचं, चंदेरीत टर्नकी, म्हणजे जवळपास सगळीच जोखीम कंत्राटदाराच्या डोक्यावर. 1999 चा संच अजून फार चालतो, 2017 मध्ये नवा आला अन् त्यातही 2022 मध्ये दुरुस्त्या झाल्या, म्हणून कोणी फिडिक म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, कोणता रंग अन् कोणतं साल. बोगद्यांसाठी 2019 चं पाचूच्या रंगाचं पुस्तक वेगळं आहे. इंग्लंड-हाँगकाँगकडं एनईसी नावाचा दुसरा करार-नमुना चालते, त्याची भाषा सोपी अन् स्वभाव वेगळा, अडचण दिसताच अर्ली वॉर्निंग द्यायची, पण ते नंतर वाचा, दोन्ही एकदम धरले तर डोक्यात खिचडी होते.

पहिल्या पानापासून वाचायला बसले तर व्याख्यांमध्येच झोप लागेल. माझा क्रम असा, 1999 चं लाल पुस्तक घ्या अन् शेवटून सुरू करा, क्लॉज 20, क्लेम अन् वाद. मग 8.4, कोणत्या कारणाला मुदतवाढ मिळते. मग 4.12, जमिनीखाली अनपेक्षित काही निघालं तर. मग 13 व्हेरिएशन, 14 बिलं, 2.1 साइटचा ताबा, 3.5 इंजिनिअरचा, म्हणजे मालकानं करार राबवायला नेमलेल्या माणसाचा निर्णय. एवढं पोटात गेलं की 2017 चं घ्या अन् काय बदललं ते पेन्सिलनं लिहा. क्लॉज 20 चे दोन भाग झाले, 20 मध्ये क्लेम अन् 21 मध्ये वाद, मालकालाही तेच 28 दिवस लागू झाले, सविस्तर क्लेमला आधी 42 दिवस होते ते 84 झाले, अन् डिस्प्यूट बोर्डाचं, म्हणजे डीएबीचं नाव डीएएबी झालं, त्यातला जास्तीचा ए म्हणजे वाद टाळणे.

आकडे पाठच करा, यात लाज नाही. 2017 प्रमाणे 28 दिवसांत नोटीस, 84 दिवसांत सविस्तर क्लेम, इंजिनिअरला आधी 42 दिवस दोघांना बसवून जुळवायला अन् नाही जुळलं तर आणखी 42 दिवस निर्णयाला, न पटल्यास 28 दिवसांत नाराजीची नोटीस, त्यापुढे 42 दिवसांत प्रकरण बोर्डाकडे, बोर्डाचा निर्णय 84 दिवसांत, तोही न पटल्यास परत 28 दिवसांत नाराजी, मग 28 दिवस आपसात मिटवायला, आणि मग आर्बिट्रेशन, बहुतेक आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या नियमांनी. मी हे सगळं एका कागदावर लिहून दोन वर्षं मॉनिटरच्या खाली चिकटवलं होतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं पुस्तकात नसतेच, ते पर्टिक्युलर कंडिशन्समध्ये, म्हणजे त्या एका कामापुरत्या बदललेल्या अटींमध्ये असते. मालकाचे वकील तिथं बसून 28 चे 14 करतात, 4.12 अख्खा खोडून टाकतात, बोर्डच काढून टाकतात. म्हणून करार हातात आला की जनरल कंडिशन्सच्या आधी पर्टिक्युलर उघडायची, जे खोडलं ते लाल पेनानं, जे घुसवलं ते हिरव्या पेनानं.

एक घरचा अभ्यास सांगतो, पैसे लागत नाहीत. कामठी रोडला गड्डीगोदामला जा. खाली रस्ता, त्यावर रेल्वेची लाइन, त्यावर उड्डाणपूल अन् सगळ्यात वर मेट्रो. तिथं वाद झाला असं मी म्हणत नाही, मला एवढंच पाहिजे की उभं राहून स्वतःला विचारा, रेल्वेनं ब्लॉक उशिरा दिला तर जोखीम कोणाची, खाली पाण्याची लाइन निघाली तर कोणता क्लॉज, गर्डर टाकायच्या रात्री वादळ आलं तर वेळ मिळेल की पैसाही मिळेल. तीन प्रश्नांची उत्तरं क्लॉज नंबरसकट लिहून काढा. पावसाचं करायचं असेल तर कोणत्याही एका महिन्याचा पाऊस घ्या अन् मागच्या दहा वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून बघा, सोनेगावला प्रादेशिक हवामान केंद्र गावातच आहे. अपवादात्मक वाईट हवामान सिद्ध करायचं म्हणजे हेच, नुसतं खूप पाऊस आला लिहून चालत नाही.

यावरून आठवलं, यूएईत उन्हाळ्यात 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा सरकारी नियम आहे. आमच्या एका पोरानं त्या अडीच तासांचा क्लेम मोठ्या मेहनतीनं तयार केला, लेबरचे तास, मशीनचे तास, सगळं. नियम टेंडरच्या कितीतरी आधीचा होता. नागपूरच्या कंत्राटदारानं मे महिन्यात ऊन पडलं म्हणून पैसे मागावे तसं झालं ते. जिब्राल्टरच्या विमानतळाखालच्या बोगद्याची केस यासाठीच वाचा, 2014 ची, लंडनच्या टीसीसी या बांधकामाचे वाद ऐकणाऱ्या कोर्टाची, फिडिकच्या पिवळ्या पुस्तकावर. कंत्राटदार म्हणाला जमिनीत अनपेक्षित दूषित माती अन् खडक निघाला, कोर्टानं म्हटलं जुना लष्करी भाग आहे, अनुभवी कंत्राटदारानं हे धरूनच चालायला पाहिजे होतं. त्याच निकालात 28 दिवस कधीपासून मोजायचे याचीही चर्चा आहे, अन् ती कंत्राटदाराच्या बाजूनं जरा मोकळी आहे, म्हणजे नोटीसचं घड्याळ घटनेपासूनच नाही तर उशीर होणार हे दिसल्यापासून किंवा तो प्रत्यक्ष व्हायला लागल्यापासूनही मोजता येते. माझ्या केबलच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर निदान भांडलो तरी असतो, जिंकलो नसतो बहुतेक, गँग पहिल्या दिवसापासूनच उभी होती.

पत्र अन् रेकॉर्ड

या लाइनीत भाषण करणारा मागं राहते अन् लिहून ठेवणारा पुढं जाते, माझ्या अनुभवात तरी. लवादासमोर प्रकरण जाते तेव्हा घटनेला चार-पाच वर्षं झालेली असतात, साइटवरचे अर्धे लोक दुसऱ्या देशात, इंजिनिअरनं नोकरी बदललेली, अन् बोलायला फक्त कागद राहतात. रोजचा डायरी रिपोर्ट, त्यात किती माणसं, कोणती मशीन कुठं चालू, कोणती कुठं उभी अन् काहून उभी, फोटो तारखेसकट, मीटिंगचे मिनिट्स सह्या होऊन. मशीन उभी होती एवढं लिहून अर्धंच काम होते, कशामुळं उभी होती हे त्या दिवशीच लिहिलं तरच दोन वर्षांनी त्याला किंमत. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पण जपा, पण त्याला नोटीस समजू नका. साहेबांशी फोन झाला की दहा मिनिटांत मेल टाकायचा, आत्ता आपलं असं असं बोलणं झालं. सुरवातीला साहेबांना राग येते, मग सवय होते.

पत्राची इंग्रजी भारी नाही पाहिजे. काय झालं, कधी झालं, कोणत्या क्लॉजखाली कळवतोय, काय परिणाम होऊन राहिला किंवा होईल असं दिसते, अन् काय पाहिजे. बस. काइंडली डू द नीडफुल वगैरे काढून टाका. विशेषणं पण काढा, भयंकर नुकसान झालं लिहिण्यापेक्षा एक पोकलेन 9 दिवस उभा होता लिहा. मराठी मिडियमची पोरं यात कधी कधी चांगली निघतात कारण त्यांची वाक्यं छोटी असतात.

रोज संध्याकाळी अर्धा तास हे करा, बाकी कोणताही कोर्स नंतर.

उशिराचं गणित

पैशाचा हिशोब शिकवणारे भेटतात, उशिराचा हिशोब येणारे कमी, म्हणून यात किंमत जास्त. प्रायमाव्हेरा हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर शिका, पण बटणं शिकून प्लॅनर होत नाही. बेसलाइन प्रोग्राम मंजूर झाला का, दर महिन्याला अपडेट झाला का, क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, कुठून जातो अन् महिन्या-महिन्यानं कुठं सरकला, हे वाचता आलं पाहिजे. मालकानं ड्रॉइंग 40 दिवस उशिरा दिलं म्हणून 40 दिवस मिळतात असं अजिबात नाही, त्या कामात 35 दिवसांचा फ्लोट, म्हणजे मोकळी सवड असेल तर शेवटच्या तारखेवर परिणाम पाचच दिवसांचा. मग दोन्हीकडून एकाच वेळी उशीर झाला असेल तर, म्हणजे मालकानं ड्रॉइंग दिलं नाही पण तुमची पाइलिंग रिगसुद्धा बंद पडली होती? यावर लंडनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा डिले अँड डिसरप्शन प्रोटोकॉल वाचायचा, पहिला 2002 चा, दुसरी आवृत्ती 2017 ची, फुकट डाउनलोड होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की खरोखरचा समांतर उशीर असेल तर वेळ मिळते, पण वाढीव खर्च वेगळा काढून दाखवता आला तरच मिळते. टाइम इम्पॅक्ट, विंडोज, कोलॅप्स्ड ॲज-बिल्ट अशा पद्धती त्यात समजावल्यात, कोणती कधी वापरायची यावर एक्स्पर्ट लोक दिवसभर भांडतात अन् तेच त्यांचं पोट.

डिसरप्शनला, म्हणजे अडथळ्यानं काम मंदावते त्याला, मेजर्ड माइल पद्धत बघा, जिथं अडथळा नव्हता तिथली दिवसाची प्रगती अन् जिथं अडथळा होता तिथली, दोन्हीतला फरक. हेड ऑफिसच्या खर्चाला हडसन, एम्डेन अन् आइकली असे फॉर्म्युले आहेत, नुसता फॉर्म्युला टाकून पैसे मागणारा क्लेम मला समोरून आला की बरं वाटते, तो खोडायला सोपा असतो.

कायदा किती लागतो

इंजिनिअरला पूर्ण वकील व्हायची गरज नाही, पण भारतीय करार कायदा 1872 ची थोडी कलमं अंगवळणी पडली पाहिजेत. 55 वेळेबद्दल, 73 अन् 74 नुकसानभरपाई अन् ठरवलेल्या दंडाबद्दल, 70 केलेल्या कामाच्या मोबदल्याबद्दल. आणि 28, जे 1997 मध्ये सुधारलं, त्यात ठराविक मुदतीनंतर हक्कच संपवणारी अट रद्दबातल धरली जाते, म्हणून फिडिकचे 28 दिवस भारतीय कायद्याखाली किती टिकतात यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतात. पण ही पळवाट धरून नोटीस उशिरा देऊ नका बापा. मग लवाद कायदा 1996. कलम 34 खाली निवाडा रद्द करायला तीन महिने अन् वर फार तर तीस दिवस, 29ए खाली देशातल्या लवादाला प्लीडिंग, म्हणजे दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं, पूर्ण झाल्यापासून 12 महिने अन् दोघांच्या संमतीनं आणखी सहा, 31 मध्ये व्याज, 19 मध्ये हे की लवाद पुरावा कायद्यानं बांधलेला नाही. देशाबाहेरचा निवाडा इथं वसूल करायचा किंवा इथला बाहेर, तर 1958 चं न्यूयॉर्क कन्व्हेन्शन.

केस वाचायच्या तर आपल्या जवळच्या रस्त्यापासून सुरू करा. जबलपूरला जाताना शिवनीच्या पुढे लखनादौन लागते, तिथून झाशीकडे जाणाऱ्या तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग 26 वर एका कोरियन कंपनीला चौपदरी बायपासचं काम होतं. भाववाढीचं सूत्र घाऊक किंमत निर्देशांकावर होतं, तो निर्देशांक 1993-94 च्या पायावरून 2004-05 च्या पायावर गेला, महामार्ग प्राधिकरणानं मग एक परिपत्रक काढून नवीन गणित लावलं. लवादात दोन विरुद्ध एक असा निवाडा कंपनीच्या विरोधात गेला, पण 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं करारात नसलेली गोष्ट एका बाजूनं दुसऱ्यावर लादता येत नाही, अन् एकट्या पडलेल्या तिसऱ्या लवादाचा निवाडा उचलून धरला. सांगयाँग विरुद्ध एनएचएआय. निर्देशांकाचा पाया बदलणे ही किती सुकी गोष्ट, पण त्यातून निघालेला निकाल आज जवळपास प्रत्येक कलम 34 च्या अर्जात असतो.

दुसरी पनामा कालव्याच्या रुंदीकरणाची. काम 2009 मध्ये दिलं, नवीन दरवाजे 2016 मध्ये उघडले, मध्ये गिट्टीच्या अन् काँक्रीटच्या मुद्द्यावर डिस्प्यूट बोर्डानं कंत्राटदारांना पैसे दिले, अन् 2020 मध्ये आयसीसीच्या लवादांनी सुमारे 24 कोटी डॉलर परत करायला सांगितले. बोर्डाचा निर्णय म्हणजे आधी द्या मग भांडा, तो शेवटचा शब्द नसते, हे कळायला यापेक्षा महाग उदाहरण मला माहीत नाही. बोर्डाची कल्पना तशी बोगद्यातूनच आली, अमेरिकेत कोलोरॅडोच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या दुसऱ्या नळीच्या कामावर, 1975 मध्ये.

आणि एक ताजी गोष्ट, 3 जून 2024 ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं सरकारी खरेदी करारांसाठी मार्गदर्शन काढलं की आर्बिट्रेशनचं कलम सर्रास टाकू नका, टाकलंच तर साधारण 10 कोटींच्या खालच्या वादांपुरतं, मोठ्यांना मध्यस्थी बघा. मध्यस्थी कायदा 2023 मध्ये झालाच आहे. म्हणजे समोरासमोर बसवून मिटवता येणाऱ्या माणसाला काम वाढेल असं माझं मत, तुम्हाला पटो न पटो.

कोर्स, डिग्री, एलएलबी

पहिला प्रश्न नेहमी हाच येते अन् मी शेवटी उत्तर देतो, कारण तीन वर्षं साइट न बघता घेतलेली डिप्लोमाची भेंडोळी इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत उघडी पडते.

क्यूएसकडं कल असेल तर आरआयसीएस, सर्व्हेयर लोकांची 1868 ची ब्रिटिश संस्था, त्यांची एपीसी ही पात्रता-चाचणी पार केली की नावापुढे एमआरआयसीएस, गल्फमध्ये मान आहे. वादांकडं कल असेल तर लंडनची सीआयआर्ब, लवादांची 1915 ची संस्था, असोसिएट, मेंबर अन् फेलो अशा पायऱ्या, नोकरी करता करता जमते. पुण्याचं निकमार, बांधकाम व्यवस्थापन शिकवणारं, 1983 पासून आहे, प्लॅनिंग अन् कॉन्ट्रॅक्टचा पाया तिथं बरा होते. परदेशी जायचं अन् पैशाची सोय असेल तर किंग्ज कॉलेज लंडनचं कन्स्ट्रक्शन लॉ अँड डिस्प्यूट रिझोल्यूशनचं एमएससी, त्यात इंजिनिअर अन् वकील एकत्र बसतात, पण कर्ज काढून लगेच जाऊ नका, चार-पाच वर्षं काम करून गेलं तर वर्गात काय चाललंय ते कळते.

एलएलबी करू का? करा, पण डोळे उघडे ठेवून. तीन वर्षांचं एलएलबी सीईटी देऊन गावातच होते, पण हजेरी लागते, अन् पत्राद्वारे केलेल्या एलएलबीवर बार कौन्सिल सनद देत नाही, हे मी सांगितल्यावर दोन पोरांचा चेहरा पडला होता, फी भरून बसले होते ते. कोर्टात उभं राहायचं नसेल तर एलएलबीशिवायही लवादासमोर एक्स्पर्ट होता येते, लवादही होता येते. वारंग्याच्या लॉ युनिव्हर्सिटीत शिकणारी पोरं असतील तर त्यांना उलटं सांगतो, सुट्टीत एखाद्या साइट ऑफिसात पंधरा दिवस बसा अन् बीओक्यू, म्हणजे कामाच्या आयटम अन् परिमाणांची यादी, वाचायला शिका, तेवढ्यानं तुम्ही वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळे व्हाल.

पहिली नोकरी

सरळ क्लेम कन्सल्टंटकडं अर्ज टाकून बहुतेक काही येत नाही. आधी अशा कामावर शिरा जिथं जागतिक बँक, आशियाई विकास बँक (एडीबी), जपानची जायका यांच्यासारख्यांचा पैसा आहे, कारण तिथं करार फिडिकच्या वळणाचा असतो अन् पत्रव्यवहार शिस्तीत. पद प्लॅनिंग इंजिनिअर असो की बिलिंग, कॉन्ट्रॅक्ट सेलच्या जवळची खुर्ची पकडा अन् त्यांचं ड्राफ्टिंग मागून घ्या, पहिले सहा महिने कोणी मागत नाही म्हणून आनंदानं देतात. दोन-तीन वर्षांनी गल्फ किंवा आफ्रिका, तिथं दोन वर्षांत जे शिकता ते इथं पाच वर्षांत नाही, घरच्यांना मात्र आधीच सांगा की दिवाळीला येणं जमेलच असं नाही. डिग्रीचं ॲटेस्टेशन आत्ताच सुरू करा, ऑफर हातात आल्यावर त्या रांगेत उभं राहणं म्हणजे जीव जाते. मग परत येऊन नागपुरातूनही काम होते, दुबई आपल्यापेक्षा दीडच तास मागं अन् रियाध अडीच, त्यांचा दिवस सुरू होईपर्यंत माझं अर्धं लिखाण झालेलं असते.

दोन गोष्टी पाळा. क्लेम फुगवायला सांगणारे साहेब भेटतील, दहाचे तीस लिही मग वीस मिळतील म्हणणारे, तसा क्लेम समोरचा एक्स्पर्ट एका तक्त्यात उघडा करतो अन् मग तुमचे खरे दहाही संशयात जातात. अन् एक्स्पर्ट म्हणून बसले की पैसे कोणीही दिलेले असो, तुमचं उत्तर लवादांना द्यायचं असते.

इंटरव्ह्यूत काय विचारतात? मला क्लेमच्या पहिल्या नोकरीला एक दीड पानाचं पत्र दिलं होतं, नावं पुसलेली, अन् विचारलं ही नोटीस आहे का. मजकूर वाचला तर खाली निघालेली पाइप, उभी राहिलेली गँग, कृपया लक्ष घालावे, सगळं माझ्या केबलसारखंच. मी म्हटलं आवृत्ती कोणती ते सांगा. ते म्हणाले 2017. मग म्हटलं नाही, 1.3 प्रमाणे नोटीसवर ती नोटीस आहे असं लिहिलेलं लागते, इथं वर नुसतं विषय: कामातील अडचण लिहिलंय, अन् क्लेम करतोय असं कुठंच म्हटलेलं नाही. मग त्यांनी पत्राची तारीख अन् घटनेची तारीख दाखवली, मोजले तर 26 दिवस. म्हणजे वेळ होता अजून, असं मी म्हटलं, आज दुपारपर्यंत दुसरं पत्र टाका. सोमवारी जॉइन व्हा म्हणाले.